सुभेदार माझं पान वाचायचे

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला माझा हात अजून मोबाइलकडे जातो. पोह्यांना फोडणी पडलेली असते, नवरा पेपरात तोंड खुपसून बसलेला असतो, आणि मी ओट्यावर पालथा ठेवलेला फोन सुलटा करून बघते. मेसेज असतात. ग्रुप चालू आहे, माणसं लिहिताहेत, एकमेकांची पानं वाचताहेत. पण ज्या आवाजासाठी हात जातो तो आवाज आता यायचा नाही. हे चांगलं ठाऊक असूनही मी बघतेच, आणि तोवर खाली मोहरी जळते.

त्या आवाजाशी मी फार वाईट वागले होते. मुद्दाम नाही, पण वागले. काय झालं ते सांगायचं तर आधी आमच्या ग्रुपची रीत सांगायला हवी, आणि त्याच्याही आधी मी कोण ते.

मी माधवनगरला राहते आणि कुपवाडला एका मशीनशॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. वीस वर्षं झाली. पंपाचे सुटे भाग बनतात, ते माझ्या टेबलावर येतात. मापाचा गेज आत गेला तर पास, अडला तर लाल खडूची फुली. ऑपरेटर लोक मला घाबरतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. घरीही हेच. नवरा म्हणतो, हिच्या डोळ्यांतच माप बसवलंय, समोर काहीही आलं की आधी चूक दिसते. त्याचं म्हणणं बरोबर आहे, पण ते मी त्याला कधी सांगितलेलं नाही.

अशी बाई लिहिते हे कुणाला पटलं नसतं, म्हणून मी कुणाला सांगितलंच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत डबा पटकन संपवायचा आणि जुन्या रिपोर्टांच्या कोऱ्या पाठीवर लिहायचं. आईबद्दल लिहायची जास्त करून. ती माधवनगरच्या कापडगिरणीत होती, गिरणी बंद पडल्यावर घरी बसली, आणि मग बसल्या बसल्याच संपली. ते कागद मी ड्रॉवरमध्ये गेजच्या डब्याखाली ठेवायची.

मोबाइलवर लिहिणाऱ्यांचे ग्रुप असतात असं कळल्यावर मी तीन-चार ठिकाणी जाऊन आले. एकात सकाळपासून सूर्योदय आणि सुविचार. दुसऱ्यात एक गृहस्थ रोज स्वतःच्या पाच कविता टाकायचे आणि कुणी काही बोललं नाही की रुसून ग्रुप सोडायचे, दुसऱ्या दिवशी परत यायचे. तिसऱ्यात मी धीर करून आईच्या शेवटच्या दिवसांवरचं एक पान टाकलं. खाली ओळीनं गुलाबाची फुलं आली, आणि टाळ्या. आईच्या मरणावर टाळ्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिथं जे लिहायचं ते लिहिलं आणि बाहेर पडले.

बहुतेक तेच कुणीतरी वाचलं असणार, कारण आठवड्याभरात सांगलीहून एका बाईंचा फोन आला. त्यांचं साड्यांचं दुकान आहे. जैन घरातल्या, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या, बोलणं मोजकं. म्हणाल्या, आमच्याकडं फुलं चालत नाहीत, या. पुढं त्या माझ्या ताई झाल्या. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण असायचं, तेव्हा फोन उचलायच्या नाहीत, एवढं सांभाळलं की बाकी केव्हाही बोलायच्या.

ताईंच्या ग्रुपात तीसएक माणसं होती आणि रीत एकच होती. कुणाच्याही पानाची कुणीही वाहवा करायची नाही की चुका काढायच्या नाहीत. सल्ला द्यायचा नाही. प्रत्येक लिहिणाऱ्याला एक वाचणारा जोडून दिलेला असायचा. शनिवारी आपण आपलं पान टाकायचं, आणि रविवारी सकाळी जोडीदारानं ते आधी अजिबात न बघता, पहिल्या नजरेला, मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करून पाठवायचं. अडखळला तर अडखळू दे. पुन्हा रेकॉर्ड करायचं नाही. लिहिणाऱ्यानं नुसतं ऐकायचं, आणि आवाज जिथं अडेल तिथं आपल्या कागदावर पेन्सिलीनं खूण करायची. तिथं आपलं लिहिणं कच्चं आहे असं समजायचं.

हे ताईंना सासूबाईंनी शिकवलं होतं, तेही नकळत. नवी नवरी असताना त्या रोज सासूबाईंना पेपर वाचून दाखवायच्या. त्या कुठं अडखळल्या की सासूबाई म्हणायच्या, ह्या लिहिणाऱ्यालाच नीट माहीत नाही वाटतं. वाचणारीला कधी बोलल्या नाहीत, असं ताई सांगायच्या आणि हसायच्या.

मला ही रीत ऐकताक्षणी पटली. गेज आणि भाग, सरळ हिशेब. मला जोडून दिले सुभेदार. कडेगावजवळच्या एका वाडीतले, फौजेतून निवृत्त झालेले, घरचा ऊस असलेले. ग्रुपात सगळे त्यांना सुभेदारच म्हणायचे. ते स्वतः काही लिहायचे नाहीत. ताईंनी विचारलं तर म्हणाले होते, फौजेत सिग्नलला होतो, जन्मभर दुसऱ्याचं निरोप पोचवलं, आता बी तेच करतो.

पहिल्या रविवारी त्यांचं रेकॉर्डिंग आलं आणि माझं डोकंच फिरलं. मी लिहिलं होतं ‘आई खिडकीशी उभी आहे’, आणि हा माणूस वाचतोय ‘आई खिडकीशी हुबी हाय’. पानभर हेच. माझ्या एवढ्या घासूनपुसून लिहिलेल्या मराठीला त्यांनी चिखलातून चालवत नेलं होतं. मागं मोटर चालू झाल्याचा आवाज, कुणीतरी बाई चहा झाला म्हणून हाक मारतेय, आणि हे शांतपणे वाचताहेत. मी ताईंना फोन करून म्हणाले की मला हे चालायचं नाही. ताई म्हणाल्या, चार रविवार ऐक, मग बोल.

चार रविवार ऐकलं. आणि हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की सुभेदार ‘हाय’वर अडत नाहीत. अडतात ते भलतीकडे. मी लिहिलं होतं की आईच्या नेत्रांतून अश्रुधारा वाहू लागल्या. तिथं ते थांबले, घसा खाकरला, आणि धोंड्यावरनं बैलगाडी जावी तसं ते वाक्य कसंबसं पार केलं. मी पेन्सिलीनं खूण केली. मग कागदाकडे बघत बसले. माझी आई गिरणीतली बाई, तिच्या डोळ्याला पाणी यायचं आणि ती ते मनगटानं पुसायची. मी तेवढंच लिहिलं. पुढच्या वेळी सुभेदारांनी ते वाचलं तेव्हा कुठंही न अडता गेले, आणि मला जेवणाच्या सुट्टीत, समोर भागांचा ट्रे असताना, रडू आलं. माझी आई मला त्या परक्या माणसाच्या आवाजात पहिल्यांदा नीट दिसली.

मग मला त्यांच्या आवाजाची सवयच लागली. सवय हा शब्दही कमीच. शनिवारी पान टाकलं की रविवार उजाडेपर्यंत जिवाला चैन पडायची नाही. ते रेकॉर्डिंग मी ओट्याशी, भाजी चिरताना, गाडीवरून कुपवाडला जाताना कानात घालून ऐकायची. मागचे आवाजही मला पाठ झाले. त्यांच्याकडं मोर होता, तो नेमका माझ्या गंभीर वाक्याला ओरडायचा. उसाचे दिवस असले की ट्रॅक्टरांची गाणी यायची. वाचून झालं की सुभेदार एक श्वास सोडायचे आणि म्हणायचे, एवढंच हाय. त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही. वर्ष संपलं की जोड्या बदलायच्या अशी पद्धत होती. मी ताईंना गुपचूप सांगितलं की माझी बदलू नका. ताई म्हणाल्या, त्यांनीही तेच सांगितलंय.

आम्ही कधी भेटलो नाही, फोनवर बोललो नाही. कडेगाव काही परदेशात नाही, दोन-अडीच तासांत माणूस पोचतो. पण जाऊन बोलायचं काय हा प्रश्न असायचा. मनात यायचं, एकदा जावं, तो मोर बघावा, त्यांना सांगावं की तुमच्यामुळं मला माझी आई मिळाली. पुढच्या महिन्यात जाऊ असं म्हणत दोन वर्षं गेली.

तिसऱ्या वर्षी सुभेदार अडायला लागले. साध्या वाक्यांवर अडायला लागले. ‘आई संध्याकाळी गिरणीतून आली की आधी पायांवर पाणी घ्यायची आणि मगच मला जवळ घ्यायची’, यात काय अवघड आहे? पण ते ‘पाणी’पाशी थांबले, मग पुढं गेले. मी खूण केली. वाक्य दोन ठिकाणी तोडलं. पुढच्या रविवारी आणखी चार खुणा. मी आणखी तोडलं. माझी वाक्यं आखूड होत चालली. आई आली. पाय धुतले. मला जवळ घेतलं. ते वाचून दाखवताना सुभेदार नीट जायचे, आणि मला वाटायचं, वा, जमतंय.

गंमत म्हणजे जमतही होतं. त्याच पानांपैकी दोन मी सांगलीच्या एका दिवाळी अंकाला पाठवली आणि ती छापून आली. संपादकांनी पत्रात खास लिहिलं होतं की छोट्या वाक्यांची ही शैली फार परिणामकारक आहे. शैली! मी ते पत्र नवऱ्याला वाचून दाखवलं, वर्कशॉपमध्ये न्यायचा मोह कसाबसा आवरला. आठ दिवस मी जमिनीपासून चार बोटं वरून चालत होते.

पण सुभेदारांचं अडणं थांबेना. आता मी चार शब्दांचं वाक्य लिहिलं तरी ते मधे थांबायचे. त्यात रेकॉर्डिंगमध्ये मागं एक घरघर यायला लागली, सतत, एका सुरात. मोर नाही, मोटर नाही, फक्त ती घरघर. मशीनशॉपमध्ये वीस वर्षं काढलेली मी, आवाजावरून मशीन ओळखणारी. मी ठरवून टाकलं की ह्यांच्या घरी नवीन फ्रिज आलाय. आणि माझ्या जिभेला हाड नसल्यामुळे मी रीत मोडून त्यांना वेगळा मेसेज टाकला, की रेकॉर्ड करताना फ्रिजपासून जरा लांब बसाल का, तुमचं अडणं कुठलं आणि फ्रिजचा आवाज कुठला तेच समजत नाही.

उत्तर आलं, बरं.

पुढच्या रविवारी घरघर गेलेली होती. रेकॉर्डिंग स्वच्छ. आणि सुभेदार मात्र पूर्वीपेक्षा वाईट वाचत होते. प्रत्येक दोन शब्दांनंतर थांबा. शेवटी शेवटी तर आवाज कागदासारखा पातळ झाला होता, आणि ‘एवढंच हाय’सुद्धा त्यांनी म्हटलं नाही. असे पाच रविवार गेले. मला वाटलं, माणूस कंटाळला. माझ्या आईच्या गोष्टी ऐकून ऐकून विटला, आता उरकायचं म्हणून वाचतोय. मला त्याचा इतका राग आला की मी सोमवारी दुपारी ताईंना फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. म्हणाले, सुभेदारांना म्हणावं मन लागत नसेल तर सोडा, नाहीतर तुम्ही माझी जोडी बदला, माझ्या लिहिण्याचं मातेरं होतंय.

ताईंनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाल्या, सुभेदारांनी मला शपथ घातली होती, पण ती आता पाळत नाही. सुभेदारांची फुफ्फुसं आखडत चालली आहेत, औषध नाही त्याला. दिवसरात्र ऑक्सिजनच्या मशीनला लावून ठेवलंय. ग्रुपातली बाकी सगळी वाचनं त्यांनी सोडली, फक्त तुझं पान सोडलं नाही.

समोरचा ऑपरेटर विचारत होता, मॅडम, रिजेक्ट का? मी त्याला सगळा ट्रे पास करून दिला, वीस वर्षांत पहिल्यांदा, न बघता.

रविवारी त्यांच्या वाडीला गेले. विट्यापर्यंत एसटी, तिथून माणसं भरली की सुटणारी वडापची जीप, मग अर्धा मैल चालत. ताईंनी कळवून ठेवलं होतं, त्यामुळं सूनबाई रस्त्यावरच आल्या होत्या. तिशीच्या असतील, हसऱ्या. म्हणाल्या, मामा अंघोळ करून बसल्यात, पण त्यांना जरा टेकू दे, तवर तुमी आत या, चहा टाकते. मी स्वयंपाकघरात पाटावर बसले. मी फार बोलत नव्हते, म्हणून त्याच बोलत होत्या. फ्रिजवाला मेसेज त्यांनीच मामांना वाचून दाखवला होता. मामा म्हणे खूप हसले, खोकला येईपर्यंत. मग म्हणाले, बाईला खरं सांगू नगा, वाईट वाटंल. मशीन वाचण्यापुरतं बंद ठेवत जाऊ.

“दहा मिंटं बंद ठेवायचं,” सूनबाई चहा गाळत म्हणाल्या. “मी शेजारी उभी असायची, बटणावर बोट ठेवून. ओठ काळं पडायचं वं त्यांचं. पण ऐकतील तर शपथ.”

तो चहा मी कसा प्यायले ते मला ठाऊक नाही. माझ्यापुढं ते पाच रविवार उभे राहिले. मी इकडं ओट्याशी पेन्सिल घेऊन खुणा करत होते, आणि तिकडं एक म्हातारा माणूस श्वास बंद ठेवून माझ्या आईला पायावर पाणी घ्यायला लावत होता. स्वतःची इतकी शिसारी मला कधी आली नव्हती. मी ठरवलं, काही झालं तरी आज सगळं सांगायचं, पाय धरायचे, त्यांनी हाकललं तर निमूट निघून जायचं.

सुभेदार ओसरीवर पलंगाला टेकून बसले होते. आवाजावरून मी धिप्पाड माणूस धरून चालले होते. प्रत्यक्षात हातापायाच्या काड्या, नाकात नळी, शेजारी ते मशीन घरघरत होतं. मिशा मात्र फौजी. मी नमस्कार केला आणि दोन शब्द बोलले, तसे त्यांनी डोळे मिटून मान हलवली, आवाजाची ओळख पटवल्यासारखी. मला खुर्ची दिली. मी सुरुवात करणार तेवढ्यात त्यांनी हातानं थांबवलं. त्यांचं बोलणं तुटक होतं, एकेका शब्दाला दम घेत होते, पण त्यांना आधी बोलायचं होतं.

“बाई, तुमी वाक्यं ल्हान केली. माझा दम वळकून. न सांगता. म्या सुनंला म्हणलं, तोंडानं फटकळ हाय, पर बाई लय मायेची हाय.”

मी तयार होऊन आले होते ती शिव्या खायला. ही माया माझ्या नावावर कुठून आली? तीन वर्षांत मी त्या माणसासाठी एक शब्द लहान केला नव्हता. केला तो माझ्या पानासाठी, माझ्या त्या शैलीसाठी. आणि तो हे मनात धरून बसला होता, बहुतेक त्याच आधारावर मशीन बंद करत होता. खरं सांगितलं तर त्याच्याकडून तेवढंही काढून घेतल्यासारखं होईल. नाही सांगितलं तर मी चोर.

सुभेदारांनी पुन्हा दम गोळा केला. म्हणाले की आता वाचणं व्हायचं न्हाई. पण आधी तुमी लय लांब वाक्यं लिवायचा, ती मला आवडायची. एक लांब वाक्य ऐकवा. आज म्या नुसता ऐकतो.

माझ्याकडं कागद नव्हता. पर्समध्ये पेन्सिलसुद्धा नव्हती. मी त्यांच्याकडं बघितलं आणि तोंडाला येईल तसं सुरू केलं. मी म्हणाले की आज सकाळी मी माधवनगरहून निघाले तेव्हा नवरा म्हणाला जेवायला परत येशील का आणि मी त्याला उत्तर न देताच एसटीत जाऊन बसले, आणि विट्याला उतरून वडापच्या मागच्या बाकावर एका आजीशेजारी जागा मिळाली जिच्या मांडीवर कोंबडी होती आणि ती कोंबडी माझ्याकडं असं टक लावून बघत होती की माझी सासूच, आणि बाहेर उसाला तुरे आले होते आणि मी सगळ्या रस्ताभर एकच घोकत होते की तुमची माफी कशी मागायची, कारण मला काही कळलं नव्हतं, सुभेदार, मी तुमचा दम ओळखला नव्हता, मला वाटत होतं माझंच वाक्य वाईट आहे म्हणून मी ते तोडत होते, आणि मग वाटलं तुम्हीच कंटाळलाय म्हणून मी तुमची तक्रार केली, ताईंना म्हणाले जोडी बदला, आणि त्याआधी तुम्हाला फ्रिजपासून लांब बसा म्हणाले आणि तुम्ही हे मशीन बंद करून बसलात, माझ्या एका पानासाठी, आणि हे मला आत्ता तुमच्या चुलीपुढं कळलं आणि तो चहा अजून माझ्या घशाखाली उतरलेला नाही, गवती चहा घातलेला इतका चांगला चहा, आणि तुमच्या दारातल्या शेवग्याच्या शेंगा कुणी काढलेल्या नाहीत, त्या झाडावरच वाळून चालल्यात, काढायला हव्यात, आणि मी परत जाताना त्यातल्या चार मागून नेणार आहे आणि तुम्ही नाही म्हणणार नाही, आणि...

इथं माझाच दम संपला. मला वाक्य संपवायचं नव्हतं. संपलं की त्यांना काहीतरी बोलावं लागेल, आणि ते काय बोलतील याची मला धास्ती होती. कोंबडीचं ऐकून त्यांच्या मिशा हलल्या होत्या, तेवढं मी बघितलं होतं. पुढचं बोलताना मी त्यांच्याकडं बघितलंच नाही, शेवग्याकडं बघत बोलले होते.

ते डोळे मिटून होते. सूनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनीही ऐकलं असणार. मशीन चालू होतं. मग सुभेदारांनी डोळे उघडले.

“ब्येस हाय,” ते म्हणाले. “मधला तुकडा तेवढा काढा, बाई.”

मग दोन दम घेऊन ते म्हणाले, “कोंबडी ऱ्हाऊ द्या.”

मी हसले आणि त्याच तोंडानं रडायला लागले, पदराचा बोळा तोंडात घालून, त्यांच्यासमोर, सूनबाईंसमोर. त्यांनी मला रडू दिलं. हात पुढं केला होता पलंगाच्या कडेवर, तो मी धरला. किती वेळ बसले कुणास ठाऊक. निघताना सूनबाईंनी शेंगांची जुडी बांधून हातात दिली. सुभेदार झोपले होते, त्यांना उठवलं नाही.

त्यानंतर ते दीड महिना होते. मी दर रविवारी त्यांना एक लांब वाक्य रेकॉर्ड करून पाठवायची, लिहून नव्हे, नुसतंच बोलून, वर्कशॉपचं, बाजाराचं, नवऱ्याच्या घोरण्याचं. निळ्या खुणा यायच्या, म्हणजे ऐकलं. एका रविवारी खुणा निळ्या झाल्या नाहीत. दुपारी सूनबाईंचा मेसेज आला.

आता ताईंनी मला साताऱ्याच्या एक शिक्षिका जोडून दिल्या आहेत. गोड आवाज, स्वच्छ उच्चार, माझा ‘आहे’ त्या ‘आहे’च वाचतात. त्या कुठंच अडत नाहीत. मला त्यांचा राग येतो, आणि त्यात त्या बिचारीचा काही दोष नाही. मोबाइलमध्ये सुभेदारांची सगळी रेकॉर्डिंगं आहेत, पण ती लावायचा धीर होत नाही, कारण जुनी लावली तर ते वाचतात तेवढंच ऐकू येतं, ते स्वतः नसतात, आणि शेवटची लावली तर मशीन बंद असल्याचं ऐकू येतं. मला ते हवे आहेत. पलंगावर, मिशांसकट, माझ्यावर हसायला हवे आहेत. जाऊन भेटायची एवढी साधी गोष्ट मी दोन वर्षं पुढच्या महिन्यावर टाकली.

ते ओसरीवरचं वाक्य मी नंतर आठवून जसंच्या तसं कागदावर उतरवलं. छापायला द्यावं असं ताई म्हणतात. देईनही. पण त्यांनी सांगितलेला मधला, माफीचा तुकडा काढायला म्हणून मी कितीतरी वेळा पेन्सिल घेऊन बसले. इतक्या वर्षांत सुभेदारांनी माझ्या लिहिण्यात सुचवलेली ही एकच दुरुस्ती, आणि तेवढी मला करता येत नाही.